येता नाट्यमोसम आणि मागच्या रांगेतला प्रेक्षक

दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या नाट्यमोसमाचा आराखडा आपल्या नाट्यसमितीने नुकताच सभासदांपुढे ठेवला. त्यावर एखाद्या डॉक्टराने चार शब्द लिहावेत, असे स्मरणिकेच्या संपादकांनी सुचवले आणि ते काम माझ्याकडे आले. कान-नाक-घसा हा माझा विषय. नाटकाचा अभ्यासक म्हणून लिहिण्याचा मला अधिकार नाही, परंतु नाटक ऐकण्याची गोष्ट आहे आणि ऐकण्याविषयी मात्र मी गेली अनेक वर्षे रोज दोन वेळा, सकाळ-संध्याकाळ, विचार करीत आलो आहे.

आराखडा चांगला आहे, हे आधीच सांगतो. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. सांगलीला विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ सादर केले त्याची आठवण म्हणून आपण तो पाळतो. त्या सुमारास नटराजपूजन, मग होळीपर्यंत मुंबई-पुण्याकडची तीन व्यावसायिक नाटके, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी अभिवाचन, २७ मार्चला जागतिक रंगभूमी दिनी मुलांच्या एकांकिका आणि १ मे रोजी एक संयुक्त कार्यक्रम. महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये १९६० साली एकाच दिवशी अस्तित्वात आली. दोन्ही वाढदिवस एकाच व्यासपीठावर साजरे करण्याचा हक्क सुरतेच्या मराठी माणसाइतका दुसऱ्या कोणाला असेल? या कल्पनेबद्दल समितीचे मनापासून अभिनंदन.

माझा मतभेद आहे तो प्रेक्षकाच्या प्रश्नावर. हा मोसम कोणासाठी आहे?

पर्वत पाटिया, गोडादरा, लिंबायत, डिंडोली, उधना या पट्ट्यात आपण जे राहतो, त्यांच्यातील बहुतेकांची मुळे खानदेशात आहेत. ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० साली सुरतेपासून अमळनेरपर्यंत झाली आणि पुढे भुसावळची गाडी आपल्या लोकांना उधन्यापर्यंत आणून सोडू लागली. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली माणसे खात्यांत संच्यांवर उभी राहिली. त्यांच्या मागोमाग, त्यांच्याच भरवशावर, आपण डॉक्टर मंडळी आलो. आपल्यापैकी कित्येकांचा पहिला दवाखाना म्हणजे अशाच एखाद्या सोसायटीतली दहा बाय बाराची खोली होती आणि पहिला रुग्ण रात्रपाळी संपवून आलेला कामगार होता. आज आपल्या मंडळाच्या कार्यक्रमाला आपण सहकुटुंब जातो, पुढच्या रांगांत बसतो. तो रुग्ण कोठे बसतो, हे पाहण्यासाठी मान वळवावी लागते.

मागील एका मोसमातली गोष्ट सांगतो. माझा एक जुना रुग्ण, संच्यावर तीस वर्षे काढलेला, बायकोला घेऊन नाटकाला आला होता. तरुणपणी आपल्या गावच्या तमाशात त्याने राजाची भूमिका केलेली. नाटकाचे त्याला वेड. मध्यंतरात पाहतो तो दोघे चपला घालून निघालेली. मी अडवले. त्याने कानाकडे बोट दाखवून अहिराणीत सांगितले, “डॉक्टरसाहेब, आवाज येस, बोल समजस नही.” आणि तिकिटाचे पैसे फुकट गेले म्हणून नव्हे, तर मला वाईट वाटेल म्हणून तो ओशाळवाणा हसला.

“आवाज येतो, शब्द समजत नाही” हे वाक्य माझ्या खोलीत इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, ते ऐकताच तपासणीच्या आलेखाचा आकार माझ्या डोळ्यांसमोर उभा राहतो. यंत्रमागाच्या खात्यातला आवाज साधारणतः नव्वद डेसिबलच्या वर, पुष्कळदा शंभराच्या जवळपास असतो. आपल्याकडे नियमाने आठ तासांसाठी नव्वदची मर्यादा घातली आहे. आपला कामगार बारा तासांची पाळी करतो. अंतःकर्णातील शंखाकृती कर्णावर्तात ज्या सूक्ष्म केशपेशी असतात, त्यांतील उंच स्वर टिपणाऱ्या पेशी आधी मरतात. आलेख चार हजार हर्ट्‌झच्या आसपास खड्ड्यासारखा खाली येतो. मेलेल्या पेशी परत उगवत नाहीत. रुग्णाला भुंगा, ट्रकचा हॉर्न, बायकोची हाक सारे ऐकू येते, कारण स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. पण स, श, फ, थ, च ही व्यंजने वरच्या पट्टीत राहतात आणि तीच गळून पडतात. ‘साथ’ म्हटले की ‘हात’ म्हटले, हे त्याला अंदाजाने ओळखावे लागते. घरी, ओळखीच्या माणसांत, अंदाज चालतो. रंगमंचावर अनोळखी माणसे जलद गतीने, प्रमाण मराठीत, एकमेकांचे वाक्य तोडीत बोलतात. तेथे अंदाज पहिल्या दहा मिनिटांत थकतो.

त्यात भाषेचे दुसरे अंतर. अहिराणी किंवा लेवा बोली ज्याची मायबोली आहे आणि तीस वर्षे ज्याच्या कानावर गुजराती-हिंदी पडते आहे, त्याला सदाशिव पेठेतल्या बैठकीच्या खोलीतील विनोद पूर्ण श्रवणशक्ती असतानाही निम्मा पोचतो. याचा अर्थ त्याला नाटक कळत नाही, असा कोणी काढू नये. श्रावणात कानबाईच्या उत्सवात रात्रभर जी गाणी होतात, ती त्याला मुखोद्गत असतात. वही गायनाची परंपरा त्याच्या गावात आहे. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग मराठवाडी बोलीत उभा केला आणि तो मुंबई-पुण्यासह साऱ्या मराठी जगाने डोक्यावर घेतला. जालन्याकडच्या कलावंतांनी राजकुमार तांगडे यांचे ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ २०१२ साली रंगमंचावर आणले, तेव्हा शहरातला प्रेक्षक त्या बोलीसाठी कान टवकारून बसला. बोली ही अडचण असते, असे म्हणणाऱ्यांनी ही दोन उदाहरणे विसरू नयेत.

यावर समितीतील एका स्नेह्यांचे उत्तर असे की, मुंबईच्या कंपनीचा एक प्रयोग आणणे हाच आपल्या आर्थिक कुवतीचा कळस आहे. नेपथ्याचा ट्रक, वीस-पंचवीस माणसांचा प्रवास, मुक्काम, नाट्यगृहाचे भाडे हे सारे एका रात्रीच्या तिकिटांतून वसूल करायचे, म्हणजे दर वाढणार आणि दर वाढला की कामगार येणार नाही. हिशेब बिनचूक आहे. परंतु इंदूरच्या ‘सानंद’ने हाच हिशेब निराळ्या पद्धतीने मांडला. त्यांनी वार्षिक सभासदत्व घेतले, सभासदांचे पाच गट पाडले आणि एकदा आलेल्या नाटकाचे प्रत्येक गटासाठी एक असे पाच प्रयोग करविले. ट्रक एकदाच येतो, मुक्कामही एकदाच. मंडळी वर्षभराचे पैसे आधी भरतात, त्यामुळे कंपनीशी बोलणी करताना संस्थेची मान ताठ राहते. महाराष्ट्राबाहेरचे एक शहर हे वर्षानुवर्षे करू शकते. आपण पाच नव्हे, दोन प्रयोगांपासून सुरुवात करू: शनिवारी रात्रीचा पूर्ण दराचा आणि रविवारी दुपारचा चौथाई दराचा. रात्रपाळीवाल्याला दुपारच सोयीची. आणि दुपारचा प्रयोग तापीपलीकडे संजीवकुमार सभागृहात न ठेवता पूर्व भागातल्या एखाद्या सभागृहात ठेवता आला, तर रिक्षाचे जाण्यायेण्याचे भाडे तिकिटापेक्षा जड होणार नाही. (जाता जाता: हरिभाई जरीवाला ऊर्फ संजीवकुमार सुरतेचे. त्यांची कारकीर्दही रंगभूमीवरच सुरू झाली.)

मोसमाचे महिनेही आपल्या माणसाचे पंचांग पाहून ठरवावेत. आखाजीला आणि त्यापुढच्या लग्नसराईत निम्मी वस्ती गावी गेलेली असते. एप्रिल-मेमध्ये रिकाम्या खुर्च्यांपुढे नाटक करण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात मिठी खाडीचे पाणी केव्हा रस्त्यावर येईल याचा नेम नसतो. कार्तिक ते फाल्गुन हाच आपला खरा मोसम. त्यामुळे १ मेचा कार्यक्रम मोठा न करता छोटा, घरगुती ठेवावा, असे मला वाटते.

आता डॉक्टरांविषयी. मराठी रंगभूमीवर आपल्या व्यवसायातून आलेली माणसे इतकी आहेत की, दुसऱ्या कोणत्याही व्यवसायाने हेवा करावा. डॉ. श्रीराम लागू माझ्याच शाखेचे, कान-नाक-घशाचे शल्यविशारद. पुण्यात आणि आफ्रिकेत व्यवसाय करून १९६९ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी शस्त्रे खाली ठेवली आणि १९७० साली ‘नटसम्राट’मधले अप्पा बेलवलकर उभे केले. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली डिसेंबरात रंगमंचावर आले तेव्हा त्याचे दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ होते आणि त्यातील नाना फडणवीस साकारणारे डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. डॉ. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य. ‘काटकोन त्रिकोण’ लिहिणारे विवेक बेळे हेही डॉक्टरच. आपल्या सभेत ही नावे दर वर्षी अभिमानाने घेतली जातात. पण आपण स्वतः काय केले? देणगी दिली, समई लावली, कलावंतांबरोबर छायाचित्र काढून घेतले.

म्हणून दोन सूचना करतो. पहिली पुष्कळांना रुचणार नाही. १ जुलै हा डॉक्टर दिन आपण दर वर्षी हारतुऱ्यांनी साजरा करतो. येत्या वर्षी त्या दिवशी आपणच, डॉक्टरांनीच, अजित दळवी यांच्या ‘डॉक्टर, तुम्हीसुद्धा!’ या नाटकाचे रीतसर परवानगी घेऊन अभिवाचन करावे आणि ते रुग्णांसमोर करावे. वैद्यकीय व्यवसायातल्या गैरप्रकारांचा प्रश्न मांडणारे ते नाटक आहे. समितीच्या बैठकीत मी हे नाव काढले तेव्हा दोन सन्मित्रांनी “आपल्याच घरचे धुणे चौकात कशाला?” असे विचारले. मला त्यांचा राग नाही. अलीकडे डॉक्टरांवर हात उचलण्याचे प्रकार घडतात, त्या वातावरणात सावध राहणे स्वाभाविक आहे. पण ज्या रुग्णाला आपल्याविषयी शंका आहे, तो ती चहाच्या टपरीवर बोलतोच. आपण तीच गोष्ट आपल्या तोंडाने, त्याच्यासमोर बसून वाचली, तर निदान पुढचे बोलणे समोरासमोर होईल. तितके धैर्य नसेल तर जयवंत दळवींचे ‘नातीगोती’ घ्यावे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाच्या आईवडिलांची ती कहाणी. तशी घरे आपल्या प्रत्येकाच्या यादीत आहेत आणि औषधाच्या चिठ्ठीपलीकडे त्यांच्याशी काय बोलावे, हे आपल्याला कोणी शिकवलेले नाही.

दुसरी सूचना सोपी आहे, खर्चाचीही नाही. पहिल्या चार रांगा पाहुण्यांसाठी आणि देणगीदारांसाठी राखून ठेवण्याची प्रथा दुपारच्या प्रयोगापुरती बंद करावी आणि त्या रांगा ज्यांना कमी ऐकू येते त्यांना द्याव्यात. अर्धा बहिरा प्रेक्षक कानांनी जितके ऐकतो तितकेच ओठांवरून वाचतो. नटाचा चेहरा त्याला स्पष्ट दिसला पाहिजे. कर्ण्यांचा आवाज वाढवून उपयोग होत नाही, उलट सभागृहात घुमणारा आवाज शब्द अधिकच पुसतो. कर्णे रंगमंचाच्या कडेला एकदम मोठे न ठेवता प्रेक्षकांच्या जवळ, लहान आवाजात ठेवावेत, एवढे जरी ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याला सांगितले तरी फरक पडेल. मी स्वतः प्रयोगाच्या दीड तास आधी दाराशी टेबल मांडून बसेन. कानात मळ आहे की खरोखर दोष आहे, इतके तर सांगता येईल. बहुतेक वेळा मळ निघाला तरी माणूस खूश होतो.

आणि राहिला प्रश्न आपल्या स्वतःच्या नाटकाचा. तीन नाटके बाहेरून आणतोच आहोत, चौथे आपण बसवावे. वगनाट्याच्या बाजाचे, अहिराणीत, गाण्यांचे, पात्रे मोजकी, वाक्ये छोटी, आणि मुख्य म्हणजे ओळखीची. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळांतील शिक्षकांपैकी लिहिणारे कोणी तरी नक्की सापडेल. मुलांच्या एकांकिका २७ मार्चला आहेतच. त्याच मुलांना या नाटकात कोरसला घ्यावे, म्हणजे घरी आजोबा जी भाषा बोलतात ती ओशाळण्याची गोष्ट नाही, हे त्यांना निराळे सांगावे लागणार नाही. ती मुले आपसांत गुजरातीतच बोलतील. बोलू द्यावीत.

राजाच्या भूमिकेसाठी माझ्याकडे एक नाव आहे. मी त्याला मागच्या आठवड्यात विचारले. आपल्याला समोरच्याचे बोलणे ऐकू येत नाही, मग आपण आपले वाक्य केव्हा म्हणायचे, हा त्याचा पहिला प्रश्न होता. प्रधानाने वाक्य संपले की उजवा हात खाली आणायचा, असा तोडगा आम्ही दोघांनी काढला. तालमी खात्याची दिवसपाळी सुटल्यानंतर, रात्री साडेनऊला, माझ्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत सुरू करता येतील. प्रधानाची जागा अजून रिकामी आहे. सभासद डॉक्टरांपैकी कोणी तयार असल्यास कळवावे.