पाकिटाला दोनशे, ज्वारीला सदतीस!



कारंजा असो की रिसोड, मानोरा असो की मालेगाव, गावातल्या किराणा दुकानाच्या दारात पुड्यांच्या माळा लोंबतात. शाळेत जाताना पोरगं पाच रुपये मागतं ते त्याचसाठी. घरची भाकर त्याला गावंढळ वाटते. पोराला दोष देऊन भागणार नाही. हिशेब मांडू.

100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम प्रथिने, 10 ग्रॅम चोथा आणि 4 मिलिग्रॅम लोह असते. मैद्यात प्रथिने तेवढीच, पण चोथा 3 ग्रॅमही नाही, लोह निम्म्याहून कमी. नूडल्सच्या पाकिटात बहुधा हाच मैदा पामतेलात तळलेला असतो. पुष्कळ पाकिटांतून एका वेळेला 2 ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमच्या आत सांगते. पाठीमागे बारीक अक्षरात 621, 627, 631, 635 असे आकडे असतात. हे चव वाढवणारे पदार्थ. ते विष नाहीत, कायद्याने चालतात; पण मैद्याला नसलेली चव तेच आणून देतात.

5 जून 2015 रोजी केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जास्त शिसे सापडल्याचे सांगून मॅगी बाजारातून काढायला लावली. 13 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. फेरतपासणीत शिसे मर्यादेत निघाले, नोव्हेंबरात मॅगी परत आली. भांडण शिशावर झाले; मैदा, मीठ, पामतेल बाजूलाच राहिले.

आम्ही बंदी मागत नाही. बंदीचा बडगा उद्या आमच्याच मालावर पडतो; मार्च 2012 मधली कापसाची निर्यातबंदी विसरलात काय? आमचा सवाल धोरणाला आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरड धान्य 1 रुपया किलो ठरवले. ज्वारीची पायरी सर्वांत खाली! 2023 मध्ये तिला 'श्रीअन्न' म्हणून मिरवले. 2025-26 साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3,699 रुपये, म्हणजे किलोला 37. 70 ग्रॅमचे पाकीट 14 रुपयांना धरा, किलोला 200 पडतात! आणि मे 2025 मध्ये कच्च्या पामतेलावरचा मूळ आयात कर 20 टक्क्यांवरून 10 वर आणला. मग आमच्या सरकीला भाव कुठून येणार?

म्हणून आमच्या मागण्या :

1. मीठ, साखर, तेल किती, ते पाकिटाच्या दर्शनी बाजूला मराठीत ठळक छापा.
2. अंगणवाडी, आश्रमशाळा आणि रेशनसाठी ज्वारी याच जिल्ह्यात, उत्पादन खर्च भरून निघेल अशा भावाने घ्या.
3. पामतेलाला सवलत देऊन सरकीचा भाव पाडणे थांबवा.

सरकारशी आपण भांडूच. पण पाव्हणा आला की भाकर झाकून बिस्किटाचा पुडा आपणच पुढे करतो. ती लाज आधी आपल्या घरातून गेली पाहिजे.