एक हात खिशात

घरात खोकं आलं की प्रत्येकाला त्यात वेगळं काही दिसतं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे परदेशातून एक जड खोकं आलं. सौ.ला त्यात खर्च दिसला. पीयूसीच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या आणि गिटारचं वेड लागलेल्या मुलीला सुख दिसलं. मराठी शिकवण्यात वीस वर्षं घालवलेल्या मला आपल्याला न झेपणारं काम दिसलं. अप्पांनी मात्र चष्मा पुसला, आतला ट्रान्सफॉर्मर हातात घेतला आणि एकच प्रश्न विचारला, ''प्रायमरी किती व्होल्टची?''

अप्पा म्हणजे माझे वडील. बाजारपेठेतल्या एका बोळात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. व्हॉल्व्हचे रेडिओ गेले, ट्रान्झिस्टर आले, पुढे दुरुस्तीपेक्षा नवा घेणंच स्वस्त पडू लागलं आणि दुकान बंद झालं. आता त्यांचे हात थरथरतात. कानही पूर्वीचे राहिले नाहीत. नातीच्या गिटारला ते 'टणटण' म्हणत, आणि ती त्यांच्या खोलीचं दार लावून घेई. एका घरात राहून दोघांत दिवसाला चार वाक्यंही होत नसत.

खोक्यात होतं स्प्रिंग रिव्हर्बचं किट. म्हणजे काय, ते सांगतो. विजापूरचा गोलघुमट आपण बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलाय. वरच्या सज्जात टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा परत येते. तो प्रतिध्वनी. मराठीत आणि कन्नडमध्ये शब्द एकच, त्यामुळे आमच्या घरात त्यावर वाद नाही. पण परतणारे आवाज इतके दाट आले की ते सुटे ऐकूच येत नाहीत, तेव्हा मूळ सुराला लांब शेपूट फुटते. दगडी गाभाऱ्यात घंटा वाजवल्यावर उरतो तो निनाद. इंग्रजीत त्यालाच रिव्हर्ब म्हणतात.

हा निनाद पेटीत भरण्याची युक्ती जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत दूरच्या टेलिफोन तारांवर आवाजाला लागणाऱ्या विलंबाची नक्कल करायला स्प्रिंग वापरली गेली होती. लॉरेन्स हॅमंड यांच्या कंपनीचे ऑर्गन चर्चमधून घरोघरी जाऊ लागले, तेव्हा गालिचे आणि पडदे लावलेल्या दिवाणखान्यात ते कोरडे वाटू लागले. मग १९३० च्या दशकाअखेर हॅमंड यांनी हीच युक्ती ऑर्गनसाठी उचलली. १९६१ मध्ये फेंडर कंपनीने गिटारसाठी वेगळी रिव्हर्ब पेटी काढली आणि कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठच्या 'सर्फ' संगीताला तिच्यामुळे तो ओला, थेंब पडल्यासारखा आवाज मिळाला. आमचं किट त्याच पेटीच्या नकाशावरचं.

आत सुमारे १७ इंच लांबीचा पत्र्याचा ट्रे असतो. त्यात बारीक स्प्रिंगा ताणून बसवलेल्या. एका टोकाला छोटं कॉइल आणि चुंबक. गिटारचा विद्युतसंदेश तिथे आला की स्प्रिंगेला पीळ बसतो. तो पीळ दुसऱ्या टोकाला पोहोचायला सेकंदाचे तीस-चाळीस सहस्रांश लागतात. तिथे त्याची पुन्हा वीज होते. काही पीळ उलटा फिरून परत येतो, पुन्हा जातो, आणि विरत विरत दोन-चार सेकंद टिकतो. दोन स्प्रिंगांचा विलंब मुद्दाम वेगळा ठेवतात, म्हणजे निनाद दाट होतो.

स्प्रिंग हलवायला जोर हवा, म्हणून एक जाड व्हॉल्व्ह. परत आलेला संदेश अगदी क्षीण असतो, तो वाढवायला दुसरा. एकूण तीन. त्यातल्या '१२ एएक्स ७' चं युरोपीय नाव 'ईसीसी ८३' आहे हे कळताच अप्पांचा चेहरा उजळला. ''असं सांग की! आपलाच माणूस हा.''

प्रायमरीचा प्रश्न तर आम्हाला वाचवणारा ठरला. ट्रान्सफॉर्मरला १२० व्होल्टची दोन वेटोळी होती आणि पत्रिकेतल्या चित्रात ती अमेरिकन घरासाठी शेजारी-शेजारी जोडलेली. आपल्या २३० व्होल्टसाठी ती एकामागे एक जोडावी लागतात. मी चित्र बघून निमूट तसंच करणार होतो.

झाळायचं काम मुलीने केलं, भाग वाचून देण्याचं मी, आणि खुर्चीत बसून हुकूम सोडण्याचं अप्पांनी. तीन आठवडे रोज रात्री. ''साकु, मलकोरी ईग!'' म्हणत सौ. दिवे घालवायला येई. ती धारवाडची. रागावली की कन्नडमध्येच रागावते.

पहिली चाचणी व्हॉल्व्ह न बसवता करायची असते. अप्पांनी माळ्यावरून जुना सिरीज बोर्ड काढायला लावला. त्यात साठ वॅटचा तारेचा बल्ब. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंदावतो. मंदावला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग बल्ब वगळून थेट वीज दिली, व्होल्ट मोजले आणि प्लग काढला. एक वायर सरळ करायला मुलीने दोन्ही हात आत घातले.

''हात काढ!'' अप्पा ओरडले. इतक्या वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. तिने दचकून हात काढले. मीटर लावून पाहिलं. प्लग निघालेला, तरी आत तीनशे चाळीस व्होल्ट! कपॅसिटर वीज धरून ठेवतात. ती हळूहळू सोडायला एक रेझिस्टर असतो, पण त्याचा एक जोड कोरडा राहिला होता. व्हॉल्व्ह बसवलेले नसल्यामुळे वीज जायला दुसरी वाटही नव्हती.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग अप्पा हळू म्हणाले, ''ओंद कै किसेदाग इरली.'' एक हात खिशात असू दे. त्यांना हा धंदा शिकवणारे हुबळीचे मिस्त्री हे वाक्य रोज ऐकवत. दोन्ही हात आत असले की वीज एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि वाटेत काळीज असतं. त्या मिस्त्रींविषयी अप्पा त्या रात्री तासभर बोलले. मीही हे सारं प्रथमच ऐकत होतो. मुलगी खाली त्यांच्या पायाशी बसून होती.

यंत्र पूर्ण झालं, पण गिटारच्या सुरामागे घूंऽऽ असा घोष. मुलीने सगळे जोड दोनदा तपासले. अप्पांनी पेटीवर तळवा ठेवला आणि विचारलं, ''ट्रेचं आउटपुटचं टोक कुठल्या बाजूला आहे?'' ते नेमकं पॉवर ट्रान्सफॉर्मरजवळ होतं. त्याचं चुंबकीय क्षेत्र ते कॉइल पकडत होतं. ट्रे फिरवून बसवला आणि घोष जवळजवळ गेला.

मग मुलीने एक तार छेडली. तो सूर गाभाऱ्यातल्या घंटेसारखा लांबत गेला. अप्पांना त्याचा वरचा, चमकणारा भाग ऐकू येत नाही, हे मला माहीत आहे. त्यांनी पेटीवरचा तळवा काढला नाही. ''येतंय,'' म्हणाले.

वाचकहो, तुमच्या घरच्या मुलांनी असलं काही मागितलं तर नाही म्हणू नका, पण जाणता माणूस शेजारी असल्याशिवाय झाकण उघडूही देऊ नका. असा माणूस कदाचित तुमच्याच घरात खुर्चीत बसलेला असेल.

आमच्या माळ्यावर अप्पांच्या दुकानातला शेवटचा रेडिओ आहे. या रविवारी तो खाली काढायचा आहे. नात डावा हात खिशात घालून तयार आहे.