काटा का हलत नाही?

जुनी सोव्हिएत किरणोत्सर्गमापकं जमवणाऱ्यांत दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, वस्तू चाळीस-पन्नास वर्षांची झाली, तिला आता सेल लावू नका, पुसून काचेच्या कपाटात ठेवा. दुसरा सेल घालतो, यंत्र एखाद्या रेडियमच्या तबकडीच्या घड्याळाजवळ नेतो, टकटक आवाजाचा व्हिडिओ काढतो आणि मोकळा होतो. मला दोघांचंही पटत नाही. माझ्याकडे अशी तीन यंत्रं आहेत आणि तिन्ही चालू स्थितीत आहेत. बंद मापक म्हणजे नुसता रंगवलेला डबा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण चालवणाऱ्याने आधी त्याची मोजपट्टी वाचायला शिकलं पाहिजे. यंत्र कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतं आणि कोणत्या प्रश्नाचं देतच नाही, हे त्या पट्टीवर लिहिलेलं असतं. वाङ्मय मंडळाच्या अंकात यंत्रांवर लेख कशाला, असं काहींना वाटेल. हाही वाचण्याचाच विषय आहे, एवढंच सांगते.

पहिलं यंत्र डीपी-५ व्ही. सोव्हिएत सैन्य आणि नागरी संरक्षण यांच्यासाठी बनवलेलं. तिथल्या शाळांत नागरी संरक्षणाच्या तासालाही याच घराण्यातली यंत्रं मुलांना दाखवत. गळ्यात अडकवायची पेटी, तिला वायरने जोडलेली धातूची नळी, ती नळी दूर धरण्यासाठी लांब दांडा, आणि हेडफोन. ही पेटी मी पहिल्यांदा चालू केली तेव्हा काटा शून्यावर चिकटून बसला. मी दोन दिवस वायरी तपासत होते. तिसऱ्या दिवशी हेडफोन कानाला लावला तर आत टक... टकटक... टक असा आवाज छान चालू होता! यंत्र ठणठणीत होतं. चूक माझ्या अपेक्षेची होती.

या यंत्राच्या मोजपट्टीचे सहा टप्पे आहेत. सगळ्यात नाजूक टप्पा तासाला ०.०५ मिलिराँटजेनपासून सुरू होतो आणि सगळ्यात वरचा २०० राँटजेनपर्यंत जातो. आपल्या घरात, अंगणात, वर्गात जो नैसर्गिक किरणोत्सर्ग कायम असतो तो साधारण ०.०१ ते ०.०२ मिलिराँटजेन. म्हणजे पट्टीवरच्या पहिल्या खुणेच्याही खाली. उलट २०० राँटजेनच्या जागी उपचारांशिवाय दोन-तीन तास काढलेला माणूस बहुधा वाचत नाही. हे यंत्र बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अणुबॉम्ब पडून गेलेलं शहर होतं. शांततेत स्वयंपाक करणारी बाई नव्हती. घरात काटा हलत नाही तो यामुळे. सेल घातल्याशिवाय ही गोष्ट मला कधीच जाणवली नसती.

सेलचीही एक कथाच आहे. त्यात ३३६ नावाचे दीड व्होल्टचे सेल लागतात, तीन. दोन मालिकेत जोडून तीन व्होल्ट मिळतात, त्यांवर यंत्र चालतं आणि तिसरा फक्त पट्टीवर उजेड पाडतो. तीन व्होल्टचे जवळपास चारशे व्होल्ट करण्याचं काम आतलं ट्रान्झिस्टरचं मंडल करतं, कारण गायगर नळीला तेवढा दाब लागतो. पण या मापाचा सेल आपल्या कोणत्याही दुकानात मिळत नाही. पूर्वी साडेचार व्होल्टची चपटी बॅटरी मिळायची, तिच्या पोटात नेमके या मापाचे तीन सेल असतात. काही जण ती फोडून वापरतात. मी साधे पेन्सिल सेलच वापरते. ते जाडीला कमी पडतात म्हणून पुठ्ठ्याची गुंडाळी, आणि लांबीला साधारण सेंटिमीटरभर कमी पडतात म्हणून टोकाला पितळेचा तुकडा. चार्ज होणारे सेल घालून पाहिले होते. ते प्रत्येकी १.२ व्होल्टचे, दोघांचे मिळून २.४. तपासणीच्या खुणेवर खटका फिरवला तर काटा ठरलेल्या पट्ट्यात पोचेचना. एक गोष्ट मात्र सक्तीची: काम झालं की सेल बाहेर. गळलेल्या सेलच्या क्षाराने जितकी जुनी यंत्रं मेली असतील तितकी पडझडीने मेली नसतील.

दुसरं यंत्र दिसायला जाड पेनासारखं, आयडी-१. याला वाचण्यासाठी सेल लागतच नाही. आत एक बारीक तंतू विद्युतभारावर उभा असतो, किरणोत्सर्गाने तो भार हळूहळू उतरतो आणि तंतू पट्टीवर सरकतो. पेन उजेडाकडे धरून डोळा लावायचा, बस्स. भार पुन्हा भरायला सोबत झेडडी-६ नावाचं छोटं यंत्र येतं, त्यातही सेल नाही! मूठ फिरवली की आतल्या स्फटिकावर दाब पडतो आणि त्यातूनच व्होल्ट तयार होतात. युद्धात दुकानं उघडी नसणार, हे गृहीत धरून केलेली ही रचना आहे, आणि अभियंत्यांना मनापासून दाद द्यावी अशी आहे. पण पट्टी पाहा. ती २० राडपासून सुरू होते आणि ५०० वर संपते. आज आपल्या देशातल्या अणुकेंद्रांत काम करणाऱ्यासाठी वर्षाची सरासरी मर्यादा २० मिलिसिव्हर्ट आहे. गॅमा किरणांचे २० राड म्हणजे त्याच्या दहापट. ज्याच्या खिशात हे पेन असेल त्या सैनिकाच्या बाबतीत पहिल्या २० राडांची नोंद घ्यायचीच नाही, असं कुणीतरी कागदावर ठरवलं होतं. इतकं थंड वाक्य मी कोणत्याही कादंबरीत वाचलेलं नाही.

तिसरं यंत्र माझं सगळ्यात आवडतं, सोस्ना. सोस्ना म्हणजे पाइनचं झाड. हे सैनिकासाठी नाही, घरातल्या माणसासाठी. आणि ते यायला आधी चेर्नोबिल घडावं लागलं.

२६ एप्रिल १९८६ च्या रात्री अणुभट्टी फुटली तेव्हा तिथे कामावर असलेल्यांच्या हातातली मापकं सेकंदाला १००० मायक्रोराँटजेनपर्यंतच मोजू शकत होती. तासाचा हिशेब केला तर ३.६ राँटजेन. काटे टोकाला जाऊन टेकले, आणि वरच्या लोकांना आकडा कळवला गेला तो ३.६. खरा किरणोत्सर्ग कित्येक जागी त्याच्या हजारो पट होता. यंत्र खोटं बोललं नव्हतं. 'माझ्या पट्टीपलीकडे आहे' एवढंच ते म्हणत होतं; ऐकणाऱ्यांनी ते मोजमाप म्हणून घेतलं, कारण तो आकडा सोयीचा होता. प्रिप्यात गाव दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामं केलं, तोवर तिथली मुलं रस्त्यावर खेळत होती. १ मे रोजी कीवमध्ये नेहमीप्रमाणे मिरवणूक निघाली. दूषित भागांचे तपशीलवार नकाशे लोकांपुढे यायला १९८९ उजाडलं.

त्या सुमारास घरगुती मापकं बाजारात आली. बेल्ला, सोस्ना, प्रिप्यात. हो, एका यंत्राला त्या रिकाम्या झालेल्या गावाचंच नाव दिलं होतं. बेलारूसचे भौतिकशास्त्रज्ञ वसिली नेस्तेरेन्को यांनी १९९० मध्ये 'बेलराड' ही स्वतंत्र संस्था काढली आणि गावोगाव मोजणीची केंद्रं सुरू केली, म्हणजे दूध, मशरूम, जंगलातली फळं लोकांना तिथे नेऊन तपासता यावीत. आपल्यापैकी ज्यांनी स्वेतलाना अलेक्सियेविच यांचं चेर्नोबिलवरचं पुस्तक वाचलंय, त्यांना हे नाव ओळखीचं वाटेल; त्यातल्या निवेदकांमध्ये तेही आहेत.

सोस्नाला लागते क्रोना नावाची नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, म्हणजे मल्टिमीटरमध्ये घालतो तीच. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. आत चार एसबीएम-२० नळ्या असतात. यंत्र साधारण वीस सेकंद मोजतं आणि आकडा दाखवतं, समजा ०.०१५. पुन्हा दाबा, ०.०११. पुन्हा, ०.०१९. नवखा माणूस घाबरतो किंवा यंत्राला शिव्या देतो. पण वीस सेकंदांत मोजले जाणारे टक थोडेच असतात.  तेवढं वरखाली होणं हा योगायोगाचा हक्कच आहे. मी कमीत कमी दहा वेळा मोजून सरासरी घेते. व्हिडिओवाल्या पंथाला एवढा धीर नसतो, माझं खरं भांडण तिथे आहे.

माझीही एक फजिती सांगून टाकते. एका सुट्या एसबीएम-२० नळीसाठी मी चारशे व्होल्टचं मंडल स्वतः जोडलं आणि साध्या मल्टिमीटरने मोजलं. आकडा कमी आला म्हणून व्होल्ट वाढवत गेले. नळी आधी जोरात टकटकली, मग सलग कडकडायला लागली आणि गेली. झालं होतं असं, की मल्टिमीटरचा रोध दहा मेगाओहम, आणि इतक्या अशक्त मंडलाला तेवढंही ओझं झेपत नाही. मीटर टेकवला की व्होल्ट पडतात. मीटरसोबत एक गिगाओहमचा रोध मालिकेत घालून आकडा साधारण शंभरने गुणायला हवा होता. मोजणाऱ्यानेच मोजायची गोष्ट बदलून टाकली.

एका बाबतीत मात्र मी पहिल्या पंथाच्याही पुढे जाऊन कडक आहे. डीपी-५ व्हीच्या नळीत तपासणीसाठी स्ट्रॉन्शियम-९० चा छोटा स्रोत बसवलेला असतो. काही जुन्या यंत्रांच्या, उदाहरणार्थ डीपी-६३ ए च्या, पट्टीवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असतो. म्हणजे मापकच किरणोत्सर्गी! किरणोत्सर्गी पदार्थ जवळ बाळगायला आपल्याकडे परवानगी लागते, आणि तो कायदा नसता तरी मी तेच म्हणाले असते. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० असलेलं एक जुनं उपकरण पोचलं, ते कापलं गेलं आणि एका माणसाचा जीव गेला. तो स्रोत कितीतरी मोठा होता, मान्य. पण आपण गेल्यावर आपला संग्रह कुठे जातो? भंगारातच. माझी पेटी स्रोत काढलेलीच होती, घेताना तीच अट घातली होती. चालते का हे पाहायला मी पेट्रोमॅक्सच्या बत्तीची जुनी जाळी वापरते, त्यात थोडं थोरियम असतं. हेडफोनमधला आवाज लगेच दाट होतो. जाळी पिशवीतून बाहेर काढायची नाही, तिचा चुरा उडू द्यायचा नाही.

आता काकूंची गोष्ट. आमच्या शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे. काकूंची मुलगी बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. एके दिवशी त्या म्हणाल्या, "अगं, तुझं ते रेडिएशनचं यंत्र आण ना, एकदा बघून टाकू." मी सोस्ना घेऊन गेले. खिडकीत मोजलं, बाळंतिणीच्या खोलीत मोजलं. ०.०१४, ०.०१२. काकूंचा चेहरा असा काही निवला, की मला बोलवेना. चहा आला, पोहे आले. "म्हणजे काही नाही ना गं?" "आकडा अगदी नॉर्मल आहे काकू," मी म्हणाले. शब्दशः खरं होतं. पण टॉवरमधून निघतात त्या रेडिओलहरी. गायगर नळीला त्यांचा पत्ताही लागत नाही. टॉवरला मिठी मारून उभी राहिले असते तरी तोच आकडा आला असता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. टॉवर धोकादायक आहे असं मला वाटत होतं म्हणून नव्हे. तसं वाटायला माझ्याकडे काही कारणच नव्हतं. चेर्नोबिलच्या ३.६ वर मी मैत्रिणींना तावातावाने भाषण दिलं होतं, आणि इथे मीच एका न विचारलेल्या प्रश्नाचा खरा आकडा देऊन पोहे खाऊन आले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत गेले आणि सगळं सांगितलं. काकू जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग काल का नाही बोललीस?" मला काही उत्तर देता आलं नाही. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "ते मोजायचं यंत्र कुणाकडे असतं?" टॉवरच्या मोजणीसाठी दूरसंचार विभागाकडे अर्ज करता येतो, ते मी घरून शोधून आले होते. अर्ज आम्ही दोघींनी मिळून भरला. त्या दिवशी मी यंत्र नेलं नव्हतं.