ऑपरेशननंतरचे सहा आठवडे

काटोलात संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला आला की क्रेट उचलता उचलता कंबर धरून बसलेली माणसे दिसू लागतात. बहुतेकांचे दुखणे औषध, विश्रांती आणि व्यायामाने जाते. थोड्यांची मात्र मणक्यातली गादी सरकून नस इतकी दाबली जाते की नागपूरला जाऊन ऑपरेशन करावे लागते. ऑपरेशनचे डॉक्टर बघतात. घरी आल्यानंतरचे दिवस घरच्यांना बघायचे असतात, म्हणून या वेळी त्याविषयी.

गादीचा सरकलेला तुकडाच काढला असेल तर रुग्णाला बहुधा दुसऱ्या दिवशीच चालवतात. पायात उतरणारी कळ लवकर थांबते. मुंग्या आणि बधिरपणा मात्र आठवडे, कधी महिने राहतो, कारण दबलेली नस सावकाश सावरते. स्क्रू टाकून मणके जोडले असतील तर हिशेब निराळा. हाड पक्के जुळायला सहा महिने ते वर्ष लागते. अशा रुग्णाने खर्रा आणि विडी सोडलीच पाहिजे. तंबाखूतल्या निकोटिनने हाड जुळणे मंदावते. आमच्या विदर्भात हे सांगणे सोपे नाही, तरी सांगतो.

पहिले सहा आठवडे साधारणपणे कमरेत वाकणे, कंबर पिळणे आणि वजन उचलणे बंद असते. इथेच आपल्या घरांत नमाजचा प्रश्न येतो. रुकू, सजदा आणि जमिनीवरचा कायदा, तिन्हींत कंबर वाकते. खुर्चीवरची नमाज अपुरी, असे मनात धरून काही बुजुर्ग लपून सजदा करतात आणि टाके दुखावून घेतात. हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांनी आपल्या आजारात विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना उभे राहून, ते न जमल्यास बसून आणि तेही न जमल्यास कुशीवर नमाज पढायला सांगितले. ही हदीस सहीह बुखारीत आहे. मग आपण अधिक कडक होण्याचे कारण काय? इशाऱ्याने पढताना सजद्याचा इशारा रुकूपेक्षा थोडा खाली असावा, पण झुकवायची ती मान, कंबर नव्हे. खुर्ची ताठ पाठीची घ्यावी. खोलगट प्लास्टिकची नको. वुजूसाठी रुग्णाला नळाखाली वाकवू नये, पाय दुसऱ्याने धुवून द्यावेत. बाकी मसाइल आपल्या मौलानांना विचारावेत.

बायकांच्या बाबतीत आमचे मन जास्त धास्तावते. चालताना दिसली की घराला वाटते, बरी झाली. पंधरा लिटरची भरलेली बादली म्हणजे पंधरा किलो, आणि डॉक्टरांनी मुभा दिलेली असते जेमतेम दोन-तीन किलोंची! कणीक मळणे, फरशी पुसणे, लहान मूल कडेवर घेणे, हे सारे सासू, नणंद आणि हो, शौहर यांनी वाटून घ्यायचे आहे. जेवण दस्तरखानावर नको, टेबलाशी. शौचाला उकिडवे बसवू नये, कमोडची खुर्ची आणावी. वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते आणि कुंथले की पाठ दुखते. पाणी, पपई, भाजी भरपूर द्यावी. पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताने रेटा देत उठवावे.

इयादत सवाबाचे काम आहे, पण पाहुण्यांसमोर तासभर बसून राहणे या पाठीला झेपत नाही. सुरुवातीला एका वेळी वीस-तीस मिनिटांहून जास्त बसू नये. दुआ करावी, चहा न घेता उठावे. नागपूरला तपासणीला नेताना सीट मागे कलती करावी आणि वाटेत गाडी थांबवून चार पावले चालवावे.

ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू येऊ लागला, पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पायातली ताकद अचानक गेली, बैठकीची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नये. रात्री दोन वाजले असले तरी निघावे.