घटनेतील एक ‘अपवाद’ आणि मराठवाडा

दरवर्षी 26 नोव्हेंबरला शाळाशाळांतून राज्यघटनेच्या उद्देशिकेचे वाचन होते. विधिमंडळ कायदे करते, कार्यपालिका ते राबवते आणि न्यायपालिका त्यांचा अर्थ लावते, हा नागरिकशास्त्राचा पहिला पाठ. तो हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजारच्या विद्यार्थ्यालाही शिकवला जातो. परंतु शेताला पाणी का नाही, तंत्रशिक्षणाची सोय दूर का, याचा जाब या तिघांपैकी कोणाला विचारायचा, हे त्या पाठात सापडत नाही.

ते सापडते कलम 371(2) मध्ये. 1953 च्या नागपूर कराराने विदर्भ आणि मराठवाड्याला विकासनिधी व नोकऱ्यांत न्याय्य वाटा देण्याचे वचन दिले. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने त्याला घटनात्मक आधार दिला. विकासनिधीचे समन्यायी वाटप, तंत्रशिक्षणाच्या सोयी आणि शासकीय सेवेतील संधी यांबाबत राष्ट्रपती आदेशाद्वारे राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवू शकतात, असे हे कलम सांगते. एरवी राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. येथे घटनेने जाणूनबुजून अपवाद केला आहे.

पण ‘सोपवू शकतात’ याचा अर्थ ‘सोपवतीलच’ असा नव्हे. 1984 मध्ये दांडेकर समितीने राज्याचा अनुशेष सुमारे 3,186 कोटी रुपये मोजला. त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे 751 कोटींचा होता. त्याच वर्षी विधिमंडळाने विकास मंडळांची मागणी करणारा ठराव केला. राष्ट्रपतींचा आदेश मात्र 9 मार्च 1994 रोजी निघाला. घटनादुरुस्तीपासून मोजल्यास मध्ये 38 वर्षे गेली. त्या काळात मुंबईत आणि दिल्लीत कोणी राज्य केले, हे सांगण्याची आवश्यकता नाही. पुढे सत्तेवर आलेल्यांनाही या विलंबाचा वारसा मोडता आला नाही, हेही तितकेच खरे.

अर्थसंकल्प हा लोकनियुक्त विधिमंडळाचा अधिकार आहे, नियुक्त राज्यपालांनी निधीवाटपाचे निर्देश देणे लोकशाहीला धरून नाही, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. तो अगदीच पोकळ नाही. परंतु बहुमताच्या बेरजेत जो प्रदेश नेहमी उणा पडतो, त्याच्यासाठीच हे कलम आले आहे. शिवाय मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवण्याची तरतूद त्यातच आहे. 2008 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने राज्यपालांचे निर्देश शासनावर बंधनकारक असल्याचा निर्वाळा दिला. पुस्तकातील तिन्ही शाखा येथे एकाच प्रश्नावर कामाला लागलेल्या दिसतात.

30 एप्रिल 2020 रोजी मंडळांची मुदत संपली आणि मुदतवाढ मिळाली नाही. 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुनर्गठनाचा निर्णय घेतला. पण तेवढ्याने मंडळे उभी राहत नाहीत. त्यासाठी राष्ट्रपतींचा आदेश लागतो, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारचा निर्णय. 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनाचे ध्वजवंदन करायला येणाऱ्या मंत्र्यांना, खासदारांना आणि आमदारांना जवळा बाजारच्या नागरिकाने विचारायचा प्रश्न एवढाच आहे: मंडळाचा शेवटचा अहवाल विधानसभेपुढे कधी आला, आणि त्यावर सभागृहात किती वेळ चर्चा झाली?