भागीदारीचा कागद

दिवाळीच्या सुट्टीत माझे तीन जुने विद्यार्थी इंदूरच्या घरी भेटावयास आले. फराळाचे ताट पुढे येण्यापूर्वीच त्यांतील एकाने पिशवीतून कागदाची गुंडाळी काढून सतरंजीवर पसरली. नोकऱ्या सोडून तिघांनी सल्लागार कार्यालय काढण्याचे योजिले आहे. पीथमपूरच्या कारखान्यांनी आपले सांडपाणी कसे शुद्ध करावे, यंत्रणा कोणती बसवावी, खर्च किती धरावा, हे सांगण्याचा व्यवसाय. गुंडाळीवर त्या कार्यालयाची रचना रेखाटली होती. वर संचालक, खाली उपसंचालक, त्याखाली तांत्रिक विभाग, विपणन विभाग, मनुष्यबळ विभाग. मी चौकटी मोजल्या, अकरा भरल्या. माणसे मात्र तीन!

"सर, रचना कशी वाटते?"

"अरे, माझ्या शाळेत बावीस शिक्षक आहेत, तरी इतक्या चौकटी नाहीत. आधी मला एवढेच सांगा, तुमच्यापैकी एकजण उद्या निघून गेला, तर त्याला काय द्यायचे?"

तिघे एकमेकांकडे पाहू लागले. सणाच्या दिवशी असे विचारणे अभद्र खरे. पण ते मला सुचले त्यास कारण आहे.

माझ्या मामांनी एका जिवलग मित्राबरोबर घरांचे नकाशे काढून देण्याचे कार्यालय चालविले होते. करार तोंडीच. "आमच्यात कागद कशाला?" असे दोघेही अभिमानाने म्हणत. १९८१ साली, मी आठवीत असताना, ते मित्र अकस्मात वारले. तेराव्यानंतर त्यांच्या मुलाने वडिलांचा वाटा मागितला. त्याचे काय चुकले? पण वाटा कशाचा द्यायचा? कार्यालयात दोन उतरती टेबले, काही पट्ट्या आणि नकाशांच्या सुरळ्या. गावात जे नाव झाले होते त्याची किंमत मामा शून्य धरीत, मुलगा पुष्कळ धरी. दोन्ही घरांतील हळदीकुंकवाचे येणेजाणे त्या वर्षी थांबले, ते थांबलेच.

सल्ल्याच्या धंद्याची अडचण हीच आहे. गिरणी असेल तर यंत्रे मोजता येतात, दुकान असेल तर माल. येथे सायंकाळी कुलूप लावले की आत टेबल-खुर्च्याच उरतात. म्हणून कोणत्या नावाने नोंदणी करावी हा प्रश्न दिसतो तसा केवळ कराचा नाही.

आमच्या कायद्याने तीन वाटा मोकळ्या आहेत. पहिली जुनी भागीदारी, १९३२ च्या कायद्याची. ती काढणे सर्वांत सोपे. परंतु एका भागीदाराने धंद्याच्या ओघात केलेली चूक सर्वांच्या माथी येते आणि देणे फेडण्यास कार्यालयाचा पैसा अपुरा पडला तर राहते घरही सुटत नाही. शिवाय करारात निराळे लिहिलेले नसेल, तर एक भागीदार वारला की भागीदारी विसर्जित होते. मामांचे झाले ते हेच.

दुसरी वाट खासगी मर्यादित कंपनीची. तिला स्वतःचे वेगळे अस्तित्व असते, आणि बाहेरचा कोणी पैसा घालणार असेल तर भाग देण्याची सोय तिच्यातच. मात्र उलाढाल कितीही लहान असो, ऑडिट चुकत नाही. आणि कंपनीने कर भरून उरलेल्या नफ्यातून लाभांश वाटला की त्यावर भागधारकाला पुन्हा कर.

तिसरी वाट २००८ च्या कायद्याने झालेली मर्यादित दायित्वाची भागीदारी, जिला सर्व जण एलएलपी म्हणतात. येथेही संस्था भागीदारांहून वेगळी. एकजण गेला तरी ती उरते. उलाढाल ४० लाखांच्या आत आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर कायद्याने ऑडिट सक्तीचे नाही. नफ्यावर संस्था कर भरते. भागीदाराच्या वाट्यावर पुन्हा कर नाही. एकाच्या चुकीपायी दुसऱ्याचे घर जात नाही. येथे तिघांपैकी धाकट्याचा चेहरा उजळला, कारण त्याच्या वडिलांनी आयुष्याची पुंजी घालून नुकतेच घर त्याच्या नावावर केले आहे. त्याला मी थांबविले. ज्याने स्वतः चुकीचा सल्ला दिला त्याची स्वतःची जबाबदारी या कायद्यानेही सुटत नाही. आणि बँक कर्ज देताना व्यक्तिगत हमी मागेल ती निराळीच.

आणि मेख पुढेच आहे. एलएलपीचा करार लिहिला नाही, तर कायद्यास जोडलेली पहिली अनुसूची लागू होते. तीनुसार नफा सर्वांस समान, कामाबद्दल वेगळा मोबदला कोणालाच नाही, आणि बहुमताने कोणाला काढून टाकता येत नाही. थोरला वर्षभर कारखान्यांतून हिंडेल आणि मधला दोन महिने आजारी असेल, तरी वाटे सारखेच. तिघांना हे मान्य असेल तर उत्तम. पण मान्य आहे हे ठाऊक तरी असावे.

निघून जाणाऱ्याच्या किमतीचा प्रश्न मोठमोठ्यांनाही सुटलेला नव्हता. अमेरिकेतील मॅकिन्झी या सल्लागार संस्थेचे धुरीण मार्विन बॉवर यांनी १९६३ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, आपले भाग संस्थेलाच पुस्तकी किमतीने परत विकले. बाजारभावाने त्यांना कितीतरी अधिक मिळाले असते. पण तो पैसा पुढच्या पिढीतील भागीदारांनाच कर्ज काढून उभा करावा लागला असता. बूझ ॲलन या दुसऱ्या संस्थेने उलट केले. १९७० साली भाग बाजारात आणले आणि १९७६ साली भागीदारांनी ते परत विकत घेतले. (२०१० साली ती पुन्हा बाजारात उतरली, पण ती कथा वेगळी.)

बॉवर यांची गोष्ट ऐकून थोरला म्हणाला, "सर, त्यांच्याकडे सोडण्यासारखे होते, म्हणून सोडले." मला उत्तर सुचले नाही. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही.

अकरा चौकटींपैकी दोनच उरल्या. ज्या कारखान्याचे काम ज्याने आणले त्याचा तो प्रमुख. आणि अहवाल बाहेर जाण्यापूर्वी दुसऱ्याने तो वाचून सही करायची. ही दुसरी सही मी आग्रहाने घालावयास लावली. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला स्वतःच्या चुका दिसत नाहीत, हे मला तीस वर्षांत पुरेपूर कळले आहे.

नोंदणी एलएलपीची करावी असे तिघांचे ठरले. मसुदा सनदी लेखापालाकडे आहे. नफ्याचे वाटे लिहून झाले, आजारपणाचे कलम लिहून झाले, वारसाला भांडवल किती मासांत परत करावे हेही. जो सोडून जाईल त्याने आणलेली गिऱ्हाइके त्याची की संस्थेची, ही ओळ कोरी आहे. थोरला म्हणतो त्याची. उरलेले दोघे म्हणतात संस्थेची. येत्या रविवारी ते पुन्हा यावयाचे आहेत. या खेपेस धाकट्याची पत्नीही येणार आहे. ती पतपेढीत हिशेब पाहते, आणि घर कोणाच्या नावावर आहे हे तिलाच अधिक नीट ठाऊक आहे.