मत क्लबचं, घाम पोरांचा

हैदराबाद क्रिकेट असोसिएशनच्या लीगमध्ये डिव्हिजन असतात. खालच्या डिव्हिजनमध्ये जिंकलात की वर, वरच्यात हरत राहिलात की खाली. मैदानातला हिशोब इतका सरळ. सिराजसारखा ऑटोचालकाचा मुलगा याच शहराच्या क्लब क्रिकेटमधून वर आला.

पण इथला क्लब म्हणजे नुसता संघ नव्हे, असोसिएशनच्या निवडणुकीतलं एक मतही असतं. आणि घोळ तिथेच आहे. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या न्या. एल. नागेश्वर राव यांनी चौकशी केली, तेव्हा एकेका घराच्या हाती अनेक क्लब असल्याचं दिसलं. 57 क्लबांना मतदानातून बाहेर ठेवावं लागलं. प्रत्येकी अकराच धरले तरी सहाशेवर पोरं झाली, ज्यांना आपला क्लब नक्की कोणाचा हे कधी कोणी विचारलंच नसेल.

ज्याला क्लब मतासाठी हवा, त्याला चांगला ऑफस्पिनर कशाला हवा?

माझं म्हणणं साधं आहे. त्या सीझनला जे खेळले, त्यांनीच क्लबचा मतदार निवडावा. यावर कोणी म्हणेल, अहो, स्वतःच्या खिशातून बॉल, किट, चहा पुरवणारी माणसं नसती तर हे क्लब कधीच बंद पडले असते. खरंय. अशा माणसांचे उपकार आहेतच. एक क्लब पोटच्या पोरासारखा वाढवला, हे समजतं. पण एकाच घरात चार-चार? आणि चौघे एकाच डिव्हिजनमध्ये आले, तर त्या मॅचला कोणासाठी टाळ्या वाजवायच्या?